सहा वेळा मंजूर

राब पेटतो तेव्हा आधी शेणाचा वास येतो, मग पानांचा, आणि अगदी शेवटी मातीचा. माती जळत नाही, तरी तिला वास सुटतो. तापल्या तव्यावर कोरडं पीठ सांडावं तसा. पेठच्या बाजूला डोंगरउतारावर, चैत्र-वैशाखात, नागलीची आणि भाताची रोपं टाकण्यासाठी जमिनीचे लहान लहान तुकडे असे भाजून ठेवतात. आमच्या शाळेच्या पश्चिमेकडच्या खिडकीला एक झडप नव्हती. तिथून तो धूर वर्गात येई, फळ्यापाशी थोडा वेळ रेंगाळे आणि समोरच्या दारातून निघून जाई. मुलं मान वर करत नसत. मी मात्र पंचवटीतून रोज जाऊन-येऊन करणारी. माझ्या साडीत तो वास शहरापर्यंत येई, आणि भाजीच्या गाड्यांमधून घराकडे वाट काढताना कोथिंबिरीच्या ओल्या वासावर एखाद्या जुन्या तक्रारीसारखा बसून राही.

गेल्या वर्षी याच वासाच्या दिवसांत यादी आली. यादी मोबाइलवर आली. तिरपा काढलेला फोटो, खालचा कोपरा कापलेला. ज्या शाळांचा पट विसाच्या आत आहे, त्या जूनपासून जवळच्या मोठ्या शाळेला जोडायच्या होत्या. आमच्या शाळेपुढे सोळा लिहिलं होतं. मी ते वाचलं तेव्हा माझ्यासमोर बावीस मुलं बसली होती.

सहाचा फरक कुठून आला, ते मला तिथल्या तिथे कळलं. तो माझ्या बोटातून आला होता.

पाड्यावर तीसेक घरं. शाळेच्या दोन खोल्या पाड्याच्या वरच्या अंगाला, आणि त्यांना लागून खिचडीची खोली. वर्ग पहिली ते चौथी. पूर्वी आम्ही दोघं शिक्षक होतो. सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि त्यांच्या खुर्चीवर मी नकाशे ठेवू लागले. मुख्याध्यापक मी, चारही वर्गांची बाई मी. उरलेली सगळी शाळा खिचडी शिजवणाऱ्या ताईच्या अंगावर होती. घंटा ती देई, कुलूप ती लावी, पहिलीतल्या रडणाऱ्या मुलाला चुलीजवळ बसवून ठेवी.

ताई तिशीची होती. मी तिला ताई म्हणे, ती मला बाई. तिची मुलगी तिसरीत होती. नवरा दिवाळीनंतर पाड्यावरच्या इतरांबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरे आणि शिमग्याला परत येई. भात-नागली घरात आली की अर्धा पाडा असा खाली जातो. बाप्ये, बाया, कोंबड्या आणि मुलंही. मागे म्हातारी माणसं राहतात. ताई जात नसे, कारण तिला शाळेत काम होतं. त्या कामाचं मानधन फार नव्हतं, पण मजूर जमवायला येणाऱ्या मुकादमाला ‘नाही’ म्हणण्यापुरतं ते होतं.

एकदा मी तिला विचारलं होतं, सगळ्या बाया जातात, तुला इथे सुनं सुनं वाटत नाही का. ती पातेल्यात डाव फिरवत होती. मुगाच्या डाळीची वाफ तिच्या कपाळावर जमली होती.

“हे पातेलं हाय म्हणून मी हाय इथं, बाई,” ती म्हणाली. “आन् मी हाय म्हणून पोर हाय शाळंत. पातेलं उचललं की आमी दोघी बागंत.”

तिची स्वतःची शाळा बागेतच सुटली होती. या पाड्याची एक गोष्ट मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लक्षात आली. इथली जी माणसं कधीकाळी शाळेत गेली, त्यांना सगळ्यांना पुस्तकाचा पहिला अर्धा भाग येतो. नुसता येत नाही, पाठ येतो. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या कविता चाळिशीतला माणूसही बांधावर बसून चालीवर म्हणून दाखवील. सुट्टीनंतरची एक ओळ त्याला ठाऊक नसते. पुस्तकं बदलत गेली, एका कवितेच्या जागी दुसरी आली, थांबायची जागा तीच राहिली. ताई खिचडीच्या खोलीत तांदूळ निवडत बसे आणि भिंतीपलीकडून येणारा वर्ग ऐके. दिवाळीआधीचं ती काम करता करता ऐकत असे. नंतरचं हात थांबवून.

तिच्या मुलीने दुसरीचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्या दिवशी ताईने मला काही सांगितलं नाही. पण ते पुस्तक वर्ष संपल्यावर परत आलं तेव्हा त्याला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं जाड कव्हर घातलेलं होतं.

खाली जाणाऱ्या मुलांसाठी एक कार्ड असतं, शिक्षण हमीचं. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते कार्ड पाहून त्याला वर्गात बसवून घ्यावं, असा त्याचा अर्थ. मी दरवर्षी ती कार्डं सुवाच्य अक्षरात भरून देई, आणि दरवर्षी शिमग्याला ती तशीच परत येत. घडीवर फाटलेली, फवारणीच्या औषधाचा निळा डाग घेऊन. कुठे बागेपासून शाळा लांब असे, कुठे धाकट्याला सांभाळायचं असे, कुठे नुसतंच राहून जाई.

यादीच्या आधीच्या दिवाळीनंतर मात्र दहा-बारा दिवसांनी मला एक फोन आला. बागांच्या भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. आवाज मऊ होता, वयस्कर.

“मॅडम, तुमची सहा मुलं आमच्याकडे आलीत. अक्षर काय सुंदर आहे हो पोरांचं. पोर्टलवर तेवढ्या त्यांची नावं इकडे घेण्याच्या विनंत्या टाकल्यात मी. मंजूर करून टाका, म्हणजे मला पुस्तकं देता येतील त्यांना.”

पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. शाळेच्या मागे टेकाडावर एक रुंद खडक आहे, त्याच्या पूर्वेच्या टोकाला ती मिळते. त्या टोकाला उभं राहून पाड्याने आजवर लग्नं ठरवली आहेत आणि मयताचे निरोप घेतले आहेत. मधल्या सुट्टीत मी तिथे गेले. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि त्यातून टोळांचा कोरडा, करवतीसारखा आवाज येत होता. पडद्यावर एकामागून एक सहा नावं आली. मी सहा वेळा ‘मंजूर’वर बोट टेकवलं. दर वेळी फोन हातात हलकासा थरथरला, ओंजळीत धरलेल्या किड्यासारखा. नावांखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ऊन होतं, ती मला दिसली, पण मी वाचली नाही. मुलं कार्डावर जशी शिमग्यापर्यंत जातात, तशीच पोर्टलवरही जात असणार, असं मी धरून चालले. पोर्टलला शिमगा ठाऊक नव्हता.

खाली येऊन मी ताईला सांगितलं, की यंदा सहा मुलांची शाळा बुडणार नाही. मला त्या दिवशी स्वतःविषयी बरं वाटत होतं, हेही लिहायला हवं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “पुढची पानं बघतील तरी.”

शिमग्याला सहाही मुलं परत आली. त्यांच्या बोलण्यात बागेकडचे दोन-चार शब्द मिसळले होते आणि एकाला सतराचा पाढा येत होता, जो आमच्याकडे अजून कोणाला येत नव्हता. ती आपापल्या जागी बसली. मी हजेरीत त्यांना हाक मारली, त्यांनी ‘हजर’ म्हटलं. मग चैत्र लागला, राब पेटले आणि यादी आली.

आमच्या भागातल्या दहा-बारा शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन मी त्याच खडकावर घेतला.

“मॅडम, तुमची सहा पोरं गेली कुठे?”

“समोर बसलीत, सर.”

“समोर बसून काय उपयोग. पोर्टलवर बसायला पाहिजेत.” ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी आवाज उतरवला. “तुम्ही कायमची सोडलीत त्यांना. आता असं करा, फाइल सोमवारी पुढे जातेय. तोवर त्या शाळेकडून सहाही परत घ्या. मी चिठ्ठी जोडतो वरून. पण त्यांनी सोडली पाहिजेत.”

तो गुरुवार होता. शुक्रवारी मी रजा टाकून बागांच्या बाजूला गेले. द्राक्षं निघून गेली होती आणि वेलींची छाटणी झालेली; मांडवांवर नुसत्या तपकिरी काड्या आणि तारा, त्यांतून आभाळ चौकोनी तुकड्यांत दिसत होतं. हवेत गंधकाचा आंबूस वास होता. शाळा नीटस, नुकती रंगवलेली, भिंतीवर ग्रहमाला. रस्त्यावरून पिवळी बस गेली, खिडक्यांत टाय लावलेली मुलं. बागायतदारांची मुलं त्या बसने शहराकडच्या इंग्रजी शाळेत जातात, हे मला नंतर समजलं, आणि समजल्यावर बाकीचंही समजलं.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला. निवृत्तीला वर्षभर उरलेलं माणूस. माझं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“तुम्ही खोटं काहीच सांगत नाही,” ते म्हणाले. “पण मॅडम, ही सहा मुलं आली म्हणून माझा दुसरा शिक्षक राहिला. ती गेली की ह्या अतिरिक्त.”

ह्या म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या तरुण शिक्षिका. त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण लाल पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं आणि त्याखाली एक ठिपका पसरत गेला.

“अतिरिक्त म्हणजे कुठे जातील?” मी विचारलं.

“जिथे जागा असेल तिथे. जिल्हा केवढा आहे, बघा ना तुम्ही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “असं करू. तीन न्या, तीन ठेवा. निम्मं-निम्मं.”

“सर, तीन आली तर माझी एकोणीस होतात.”

“एक कमी पडतं नाही का.” त्यांना खरंच वाईट वाटलं. “चार दिली तर माझं मोडतं. काय करायचं, सांगा. मुलाचे काही दोन भाग होत नाहीत.”

पालकांकडून अर्ज लिहून घेता आले असते. मुलं कोणत्या शाळेत घालायची हा पालकांचा अधिकार आहे, आणि तक्रार करायला वरही जागा असतात. मला ते सगळं माहीत होतं. मी चहा संपवला. निघताना त्या तरुण शिक्षिका दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या त्या एकाला सतराचा पाढा मी शिकवलाय.” त्यांच्या आवाजात विनवणी नव्हती, एखादी वस्तू दाखवावी तसं त्यांनी ते दाखवलं. मी मान हलवली. शनिवारी मी कोणाचाही अर्ज लिहून घेतला नाही. सोमवारी फाइल पुढे गेली.

मी दोघींपैकी एकीची बाजू घेतली, आणि जिची घेतली तिला मी अर्धा तासच ओळखत होते. याचं कारण मी पुष्कळदा शोधलं आहे. सापडलेलं नाही.

मंगळवारी मी खिचडीच्या खोलीत गेले आणि ताईला सगळं सांगितलं. यादी, सोळा, बावीस, बागेकडची शाळा, आणि ते मंजूर करणं. शाळा खाली गेली की पातेलंही जाणार, हे मला तिला सांगावं लागलं नाही. ती परातीत तांदूळ घेऊन बसली होती. दारातून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात तांदळाची भुकटी तरंगत होती.

“कोन्तं बटन, बाई?” तिने विचारलं.

मी फोन काढून तिला दाखवलं. रेंज नव्हती, पण जुनं पान उघडलेलं होतं. नावापुढचा तो हिरवा चौकोन दिसत होता. तिने हात पदराला पुसले, फोन जवळ घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग तर्जनी त्या चौकोनाशेजारी, त्याला न लावता, धरून पाहिली. तिचं बोट मोठं होतं.

“एवढुसं,” ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला.

त्यानंतर तिने तो विषय माझ्याजवळ काढला नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, असं म्हणण्याची पद्धत आहे. ती रागावली होती की नाही हेच मला कळलं नाही. खिचडीत मीठ नेहमीइतकंच होतं.

मग साहेब आले. साहेब म्हणजे तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी. मुलांना खाली न्यायला-आणायला गाडी मिळेल असं पालकांना समजावून सांगायचं आणि ठरावावर सह्या घ्यायच्या, एवढं त्यांचं काम. त्यांची गाडी वरच्या चढावर आली नाही. ती खालच्या वळणाशी उभी करून ते पायी आले आणि वर्गात पोचल्यावर काही वेळ नुसते श्वास घेत बसले. पाड्यावरचे एक म्हातारे, ज्यांना सगळे आजा म्हणतात, अगदी समोर बसले होते.

“गाडी कुठं ठिवली, सायेब?”

“खाली. वरचा रस्ता जरा खराब आहे.”

“मंग पोरांची गाडी कशी येनार? तिला पंख हायेत का?”

बाया पदराआड हसल्या. साहेबही हसले. “जीप येईल, आजोबा. जीपला चढ चालतो.”

“पावसात?”

“पावसातही.”

“पावसात आमची शेळीबी इचार करून उतरती,” आजा म्हणाले आणि बिडी कानावर ठेवून दिली, कारण समोर फळा होता.

साहेबांनी खालच्या शाळेचं वर्णन केलं. बाजाराच्या गावातली शाळा, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, संगणक, मैदान, पाण्याचा नळ. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “इथे एक बाई चार वर्ग शिकवतात. एका वर्गाला शिकवताना बाकीचे तीन काय करतात? तुमच्याच मुलांचं नुकसान आहे.” ते खरं होतं. चौथीला भागाकार शिकवताना पहिली माझ्याकडे पाहत बसे, ते डोळे मला ठाऊक होते.

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, “लहान पोरं एकली त्या डायवरसंगं जानार नाय.”

“सोबत मदतनीस देऊ ना. बाईमाणूसच देऊ.”

“कोन?”

“नेमणूक होईल. इथल्याच कोणाची तरी.”

“कवा?”

“प्रक्रिया असते, ताई. थोडा वेळ लागतो.”

ताई खिचडीच्या खोलीच्या दारात उभी होती. ती सभेत बसली नव्हती. तिथूनच ती म्हणाली, “तवर मी जाते.”

सगळ्यांनी मान वळवली. तिच्या दिराने, जो कोपऱ्यात पाय पसरून बसला होता, विचारलं, “पातेलं डोक्यावर घिऊन का?”

“पातेलं त्यांच्याकडं हाय. मी नुसती बसन.”

“बसायचं काम लय अवघड असतंय वैनी. आमाला इचार.”

हसू उठलं आणि त्या हशातच ते ठरून गेलं. तिचा हिशेब मला दिसत होता. साहेबांच्या तोंडून ‘इथल्याच कोणाची’ हे शब्द बाहेर पडले होते. पातेलं गेलं तर जीप, पण मुकादमाला ‘नाही’ म्हणायला काहीतरी हातात हवं. ठराव मी लिहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून असले कागद नेहमी मीच लिहीत असे. सह्या झाल्या, अंगठे उमटले. ताईने सही केली. तिला सही येते, आडव्या रेघेपासून सुरू करून ती एकेक अक्षर खाली टांगते. साहेबांनी जाताना खिचडी खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाले.

जूनमध्ये मुलांबरोबर माझंही समायोजन झालं. खालच्या शाळेत मला फक्त तिसरीचा वर्ग मिळाला. पहिले काही दिवस मी सवयीने फळ्याचे चार भाग करायला जाई आणि खडू मध्येच थांबे. ताईची मुलगी चौथीत गेली, माझ्या भिंतीपलीकडे. बागेकडच्या शाळेत नोंदलेली सहा मुलंही याच जीपमध्ये बसून येत. कागदावर एकीकडे आणि अंगाने दुसरीकडे असणं त्यांना नवं नव्हतं.

जीप पहिला पंधरवडा वेळेवर आली. पुढे आषाढात रस्त्याचा एक तुकडा खचला आणि ती वळणापर्यंतच येऊ लागली. मग ताई मुलांना ओळीने पायवाटेने उतरवी. मी शाळेच्या फाटकाशी उभी असे. धुक्यातून आधी तिचा आवाज येई, नावं घेणारा, एकेक, हजेरीसारखा. मग ओल्या प्लास्टिकच्या खोळींची सळसळ, आणि सगळ्यांत शेवटी मुलं दिसत, गुडघ्यापर्यंत तांबडी. ती त्यांना नळाखाली उभी करी, पाय धुई, वर्गावर्गांत सोडी. आणि मग तिला करायला काही नसे.

ती व्हरांड्यात बसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. खालच्या शाळेत खिचडीला दोन बाया आधीच होत्या, आणि त्यांना ती नको होती. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांच्यातली एक म्हणाली, “तुमी पाव्हण्या. बसा निवांत.” यात जेवढं आदराचं होतं तेवढंच दार लावण्याचं होतं. महिनाभराने त्यांनी तिच्यापुढे तांदळाची परात सरकवली. त्यानंतर ती खडे वेची. मी तिसरीला शिकवताना माझ्या दारातून तिची पाठ दिसे. भिंतीपलीकडे चौथी वाचायला लागली की त्या पाठीची हालचाल बंद पडे.

मदतनीसाच्या नेमणुकीसाठी मी तीन अर्ज लिहिले. पहिला केंद्रप्रमुखांनी पुढे पाठवला. दुसऱ्याचं उत्तर आलं की प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर आहे. तिसरा मी स्वतः तालुक्याला जाऊन दिला. खिडकीतल्या कारकुनाने वाचला आणि म्हणाला, “भाषा फार छान आहे तुमची.” अर्जाची पोच घेऊन मी परत आले.

भाद्रपद गेला. भात पोटरीला आला. नागलीची कणसं मुठी आवळल्यासारखी दिसू लागली. जीप पुन्हा वरपर्यंत जाऊ लागली आणि रस्ता डांबरी होणार असल्याची बातमी पाड्यावर पोचली. घटस्थापनेनंतरच्या एका दुपारी मधली सुट्टी संपली, मुलं वर्गात गेली, आणि मी तास मोकळा होता म्हणून व्हरांड्यात ताईजवळ जाऊन बसले. फरशी उन्हाने कोमट झाली होती. तिच्यापुढे परात होती.

“मुकादम येऊन गेला काल,” ती म्हणाली. “जोडप्यांची नावं लिवून घेत व्हता. एकल्या मानसाला आता न्यायचं नाय म्हन्तो.”

“मग? तुझे मालक काय म्हणाले?”

“ते काय म्हन्तील. बायको शाळंत नोकरीला हाय, म्हणाले.” ती थोडी हसली. “मुकादम म्हन्तो, पगार दाखव.”

मी तिला अर्जाचं सांगितलं. कारकुनाचं सांगितलं नाही. प्रस्ताव गेलाय, वर सही व्हायचीय, एवढंच.

“म्हंजी व्हईल?”

“होईल, ताई. कधी ते मला सांगता येत नाही.”

तिने एक खडा उचलला, उजेडात धरला. तो तांदूळच निघाला, तिने तो परत टाकला. पलीकडे चौथीच्या वर्गात एकेक मूल उठून परिच्छेद वाचत होतं. एक आवाज अडखळत संपला आणि दुसरा सुरू झाला, तो तिच्या मुलीचा होता. वाचन पूर्णविरामापाशी थांबलं, गुरुजींनी ‘बस’ म्हटलं, बाक करकरलं.

मी विचारलं, पत्र आलंच नाही, तर अशी किती दिवस येशील?

तिने परात बाजूला ठेवली. वेचलेले खडे तळहातावर घेतले, उठून कठड्याशी गेली आणि ते खाली झटकले. हात पदराला पुसत परत येऊन बसली.

“दिवाळीपर्यंत.”